मूस, विक्रीसाठी नाही

मित्रांनो, मी एक जुनी मूस आहे.

मूस म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. सोनं वितळवायचं भांडं म्हणजे मूस. काळी, जाड, पेल्यापेक्षा जरा मोठी. सोनं आत टाकायचं, भट्टीत ठेवायचं, पाणी झालं की ओतायचं. बस्स. तेवढंच माझं काम होतं.

आता मी भांडं राहिले नाही. आता मी गळ्यात घालायची वस्तू आहे. काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेले सहा तुकडे. आधी सात होते. सातवा कुठं गेला ते सांगायलाच बसले आहे.

पण एक अट आहे. ऐकता ऐकता मला उचलून वजन बघायचं नाही. बघणार तुम्ही, मला माहीत आहे. माझा कुणावरच पटकन विश्वास बसत नाही. आणि का बसत नाही ते ऐकलं की तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

पेन्सिलीत असतं तसलं काळं शिसं आणि चिकणमाती मिसळून एका कारखान्यात मला बनवलं. भुसा भरलेल्या खोक्यातून मी सेलमला गेले. सेलम तिकडं तामिळनाडूत. पण दुकान मात्र आपल्या विट्याकडच्या दोन भावांचं. थोरले नानासो, धाकटे भाऊसो. विट्याकडची कितीतरी माणसं अशी लांब लांबच्या गावात सोनं गाळायची दुकानं चालवतात. जुना दागिना घ्यायचा, वितळवायचा, त्यातली भेसळ काढायची, चोख सोनं परत द्यायचं. त्याला गलाई म्हणतात.

माझ्या पोटात काय काय नाही गेलं! तुटक्या साखळ्या, एका कानातलं राहिलेलं फूल, वाकड्या अंगठ्या, कुणाचं तरी नाव कोरलेली बांगडी. आत टाकली की नाव आधी जायचं. मग बांगडी.

आणि त्या दुकानात संशय कसला होता म्हणून सांगू! कामगारांच्या पँटींना खिसे नसायचे. केसाला तेल लावायला मनाई, कारण तेलकट केसाला सोन्याची धूळ चिकटते. हात एकाच टबात धुवायचे आणि ते पाणी सांडायचं नाही, साठवायचं. झाडून काढलेला कचरासुद्धा पोत्यात. फुटलेल्या मुशींचं तर वेगळंच पोतं. मुशीच्या भेगेत सोन्याचे कण अडकतात म्हणून वर्षातून एकदा ते पोतं उपसायचं, सगळ्या मुशी कुटायच्या, धुवायच्या आणि जे निघेल ते दोन्ही भावांचं. दुकानातून फुटकी मूस बाहेर न्यायची नाही, हा नियम. सख्ख्या भावानंसुद्धा नाही.

असल्या घरात वाढल्यावर माझा स्वभाव दुसरा कसा होणार?

भट्टीवर भाऊसो बसायचे. त्यांचा हात लय चांगला. मला आधी भट्टीच्या कडेला ठेवून कोमट करायचे, मगच आत सारायचे. थंडगार मूस एकदम आगीत घातली की तडकते. सोन्यावर टाकणखार टाकायचे तो सढळ हातानं. टाकणखार म्हणजे पांढरी पूड. ती वितळली की सोन्यातली घाण ओढून घेते आणि सोनं खाली मोकळं सुटतं. ती पूड आटून माझ्या आतल्या अंगाला काचेसारखी झिलई चढायची. हिरवट, कुठं तांबूस. मला ती आवडायची. पण मुशीच्या पोटात वाकून बघतं कोण? सगळे बघायचे ते ओतलेल्या सोन्याकडं.

सोनं चोख करायला तेजाब, म्हणजे ॲसिड लागतं. त्याच्या वाफेनं भाऊसोंची छाती गेली. खोकला थांबेना. शेवटी त्यांना आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. ते आठ दिवस भट्टीवर नानासो बसले.

नानासो माणूस वाईट नाही. पण हात आखडता. टाकणखारसुद्धा चिमटीनं टाकणार. आणि घाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थंडगार तशीच आगीत सारली. वरून खालपर्यंत भेग गेली. टाकणखार कमी, म्हणून माझ्या आत एका बाजूला झिलईवर खरखरीत खपली धरली आणि तिच्यात सोन्याचा एक कण अडकला. खसखशीएवढा. त्यांनी शिवी हासडली आणि मला पोत्यात टाकलं.

मित्रांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. पण मला बोलता येत नव्हतं.

नवव्या दिवशी भाऊसोंना गावी न्यायला त्यांची मुलगी आली. शिवांजली. चोवीस वर्षांची, सांगलीत चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. तीस वर्षांनी भाऊसो दुकान सोडून चालले होते. नानासो तेव्हा बाहेर गेलेले. शिवांजलीनं विचारलं,

"आबा, इथलं काय तरी घेऊन जाऊया की. आठवण म्हणून."

"इथलं काय नेणार? इथं सगळं लोकांचंच असतंय."

मग तेच जरा थांबले. पोत्याकडं गेले. सगळ्यात वर मी होते. त्यांनी मला उचललं आणि लेकीच्या पिशवीत टाकलं. थोरल्या भावाला विचारलं नाही. नंतर सांगू, म्हणाले असतील मनात. आणि राहून गेलं.

चूक झाली ती तिथं.

खरं सांगू? गाडीत बसल्यापासून मला त्या पोरीचाच संशय होता. वाटलं, ही कण काढणार, कुटणार मला. घरी आल्यावर तिनं हातोडी घेतली तेव्हा तर खात्रीच पटली. पण तिनं कुटलं नाही. भेगेवर हळूच टिचकी दिली. मी माझ्या मनानं जशी फुटले तशी तिनं फुटू दिलं. सात तुकडे झाले. धारा घासल्या, प्रत्येकाला दोन बारीक भोकं पाडली. आतली झिलई तशीच ठेवली. खपलीसुद्धा. उलट आतली बाजू तिनं बाहेर केली, लोकांना दिसेल अशी.

दोऱ्यासाठी लोकर आणली राहीबाईंकडून. राहीबाई तिकडं आटपाडीच्या बाजूच्या. मेंढरांवर आयुष्य गेलेलं. काळ्या मेंढीची लोकर हातानं कातून तिचा गुंडा घेऊनच त्या आल्या आणि ओट्यावर बसल्या. मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आगं बया! ह्ये खापराचं गळ्यातलं कुणाच्या गळ्यात घालणार गं? म्हशीच्या?"

"माणसाच्या, राहीमावशी."

"सोनाराच्या आळीत जल्मलीस आन् खापरं ओवतीस? तुझ्या आयला लेक झाली का कुंभारीण?"

"आधी घाला तरी."

राहीबाईंनी घातलं. भिंतीला जरा टेकल्या. मग म्हणाल्या, "गरम लागाय लागलंय की गं."

तुकड्यांचं तसंच असतं. आधी थंड लागतात. मग अंगाची ऊब धरतात आणि सोडत नाहीत. मला उतरवल्यावर राहीबाईंच्या गळ्यावर काळी रेघ उमटली होती. काळ्या शिशाची. त्यांनी बोटानं पुसली, ती आणखी पसरली.

"डाग पडतोय बघ पोरी. ह्याला काय तरी लाव."

"तोच पाडायचाय," शिवांजली म्हणाली.

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गलाईवाली माणसं यात्रेला गावी येतात ती कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, गळ्यात साखळी, दारात मोठी गाडी. गावाला तेवढंच दिसतं. तिच्या आबांच्या बनियनच्या गळ्याला मात्र कायम काळा डाग असायचा. आई घासून घासून दमायची, जायचा नाही. "त्यो डाग कुणीच दागिना म्हणून बघितला न्हाई, मावशी. आबांनी तीस वर्सं त्योच घातला हुता."

 राहीबाईंनी लोकरीचे पैसे घेतले नाहीत. मला त्याचाही संशय आला. फुकट कोण देतं?

सांगलीत एका दालनात तरुण कलाकारांच्या दागिन्यांचं प्रदर्शन भरणार होतं. सोन्याचांदीचं नाही. एकानं उसाच्या चिपाडाचा पिळून हार केलेला, एकीनं एसटीच्या तिकिटांची कर्णफुलं. त्यात मला घेतलं. शिवांजली दिवसभर घरात गुणगुणत होती. आयोजकांनी माझा फोटो आणि खाली लिहिलेली पाटी फोनवर सगळीकडं पाठवली. पाटी अशी होती:

'मागं राहिलेलं. फुटलेली मूस, काळी लोकर. विक्रीसाठी नाही.'

फोटो फिरत फिरत नानासोंच्या फोनवर गेला. ते यात्रेसाठी गावातच आले होते. शुक्रवारी मला सांगलीला पोचवायचं होतं आणि गुरुवारी सकाळी ते दारात हजर. पांढरा शर्ट, कॉलर कडक. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

"भावा, मूस कुठली ही?"

भाऊसो खुर्चीत बसले होते. "दुकानातली हाय दादा. येताना आणली. तुमास्नी सांगायचं राहिलं."

"राहिलं?"

"राहिलं खरं."

"तीस वर्सांत कवा काडी बाहेर न्हेली न्हाईस आन् जाताना मूस न्हेलीस. ती पण न सांगता. आन् वर लिवलंय काय? इकायची न्हाई!" त्यांनी फोन वर धरला. "आरं, जगात इकायची न्हाई आशी वस्तू कवा आसती? जिच्यात लिवल्यापेक्षा जास्त काय तरी आसतंय तवा. व्हय का न्हाई?"

त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

त्यांनी मला उचललं आणि तळहातावर झुलवून वजन बघितलं. मी सांगितलंच होतं. मग खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि एकेक तुकडा फिरवून बघू लागले. पाचव्या तुकड्यावर थांबले. खपलीत तो कण चमकला.

"ह्ये काय हाय?"

 भाऊसोंना खोकल्याची उबळ आली. खोकणाऱ्या माणसाचा चेहरा चोरासारखा दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

"एक दिसतंय. वर न दिसणारं किती आसंल?" नानासो म्हणाले. "सगळं कुटून बघायचं. आत्ताच्या आत्ता."

शिवांजली मधे आली. "थोरलं आण्णा, उद्या द्यायचंय मला त्ये. सा महिनं लागल्यात."

"सा महिनं मातीला? पोरी, मला येड्यात काढतीस व्हय?"

"आण्णा, कुटायच्या आदी एकदा गळ्यात घालून तरी बघा."

"मी काय बाय हाय का नंदीबैल?"

मित्रांनो, आता अडचण बघा. मला कुटलं तर पोरीचं काम गेलं. न कुटलं तर भाऊसो आपल्या भावाच्या डोळ्यात जन्मभर चोर. दोन्ही वाचतील असा रस्ता मला तरी दिसत नव्हता. आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी. खापर. खापराला कोण विचारतं?

भाऊसो उठले. "कुटा दादा," म्हणाले. "पोरगी दुसरं करील. मला तुमच्या तोंडाकडं बघून जेवाय जमलं पायजे."

"आबा!"

शिवांजलीच्या डोळ्यात पाणी आलं, पण ती रडली नाही. गलाईवाल्याचीच पोरगी ती. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आण्णा, दुकानात सोन्याची लगड आली की आख्खी लगड वितळवून बघतासा का नमुना काढतासा?"

"नमुना काढतो."

"मग नमुना काढा. एक तुकडा. तुमी निवडा."

नानासोंनी भावाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. धंद्याच्या रीतीला नाही म्हणता येईना. तुकडा निवडला तो पाचवाच, हे सांगायला नको.

दोरा सोडला. आतून खलबत्ता आला. नानासो मांडी घालून बसले आणि कुटायला लागले. दुखलं का म्हणून विचारू नका. आगीत मी इतक्या वेळा गेले, तेव्हा काही वाटलं नाही. पण त्या सहा तुकड्यांनी एका बाजूला पडून ते बघायचं म्हणजे... असो.

पूड ताटलीत घेतली, पाणी घातलं, ताटली गोल फिरवली. काळं वर येत गेलं, सांडत गेलं. शेवटी तळाला तो एकच कण. दुसरा नाही. नानासोंनी पुन्हा फिरवलं. तोच. खिशातून छोटा काटा काढून त्यावर ठेवला. काट्यावर आकडासुद्धा उठला नाही.

"एवढंच?" राहीबाई म्हणाल्या. यात्रेला गावात आलेल्या त्या, कधी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. "एवढ्यासाठी पोरीचं खापार फोडलं? माज्या मेंढीच्या कानात यापरीस जास्त मळ निघतोय."

 पण संशय असा एकदम जात नाही. "कमी का आसंना, आलं कुठनं ह्ये?" नानासो म्हणाले. "भाऊच्या हातनं कवा कण सुटत न्हवता."

भाऊसो खाली वाकले. माझा सहावा तुकडा उचलला, पाचव्याच्या शेजारचा. आतल्या बाजूवर अंगठा फिरवला. मग दुसरा तुकडा उचलून त्याच्यावरही फिरवला. दोन्ही भावापुढं धरले.

"दादा, ह्यो हात लावून बघा. गुळगुळीत हाय. आन् आता ह्यो बघा."

नानासोंनी अंगठा फिरवला. त्यांचा अंगठा खपलीवर अडखळला.

"टाकणखार कमी पडल्यावर आशी खपली धरती," भाऊसो हळू आवाजात म्हणाले. "आन् ही भेगेची कड बघा. सरळ वरनं खाली. थंड मूस एकदम आत गेली की आशीच जाती. मी दवाखान्यात हुतो तवा भट्टीवर कोण हुतं?"

 आणखी सांगायची गरज नव्हती. सगळं आयुष्य या धंद्यात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या हाताची खपली ओळखू येते. नानासो अंगठा फिरवत बसले. पुन्हा पुन्हा. चहा आला, निवला.

मग त्यांनी खिशातून कागद काढला, सोनार घालतात तशी बारीक पुडी घातली आणि तो कण तिच्यात ठेवला. शिवांजलीपुढं धरली. तिनं हात मागं घेतला.

"न्हाई आण्णा. त्यो तुमचा हाय."

ते तसेच उठून गेले. माफी मागितली नाही. मला वाटलंच होतं.

शिवांजली दोरा घेऊन बसली. राहीबाई म्हणाल्या, "मधली जागा मोकळी दिसतीया. दुसरं खापार घाल की." तिनं घातलं नाही. पाचव्याच्या जागी नुसता दोरा ठेवला आणि दोन्ही बाजूंना गाठी मारल्या. दात पडल्यासारखी मी दिसायला लागले. शुक्रवारी तशीच सांगलीला गेले.

रविवारी दालनात गर्दी होती. लोक यायचे, मान वाकडी करून बघायचे, पुढं जायचे. एक बाई म्हणाली, "छान आहे, पण तुटलंय." एकजण म्हणाला, "कला म्हणून आजकाल काहीही." स्तुती करणारेही होते, पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ते फोटो काढत होते ते स्वतःचे.

दुपारी दारात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला. नानासो. बरोबर भाऊसो.  म्हटलं, आले, आता उरलेले सहा न्यायला आले.

नानासो माझ्यापुढं हात मागं बांधून उभे राहिले. बराच वेळ. शेजारी कॉलेजची एक मुलगी पाटी वाचत होती. तिनं त्यांनाच विचारलं, "काका, इथं मधे जागा का सोडलीय?"

नानासोंनी इकडं तिकडं बघितलं. मग शर्टाच्या खिशातून पुडी काढली, उलगडली आणि तिला तो कण दाखवला.

"हितला तुकडा मी कुटला," ते म्हणाले.

"का?"

"धाकट्या भावावर इस्वास न्हवता."

मुलगी हसायच्या बेतात होती, पण त्यांचं तोंड बघून थांबली. भाऊसो दुसरीकडं बघत होते, चिपाडाच्या हाराकडं. त्या हारात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

मग नानासो शिवांजलीला म्हणाले, "पोरी, तवा घालून बघा म्हणलीस. आता घातलं तर चाललं का?"

तिनं मला खुंटीवरून काढलं. त्यांनी मान वाकवली. मित्रांनो, या माणसानं मला धरलं ते चिमट्यानं, पोत्यात टाकलं, कुटलं. त्याच्या गळ्यात मी पहिल्यांदा पडले. आधी थंड. मग हळूहळू ऊब आली. ते हलले नाहीत. गर्दीत, सगळ्यांसमोर, खापरं गळ्यात घालून नंदीबैलासारखे उभे राहिले.

उतरवलं तेव्हा पांढऱ्या कॉलरवर काळी रेघ उमटली होती. भाऊसोंनी रुमाल पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," नानासो म्हणाले.

आता मी शिवांजलीच्या घरी खिडकीपाशी लोंबकळते. कधी प्रदर्शनाला जाते, परत येते. संशय माझा अजून गेलेला नाही. माणूस जवळ आला की आधी त्याचे हात बघते. ती सवय आगीतली आहे, ती जायची नाही. पण त्या कॉलरवरचा डाग मी बघितला आहे, तोही मी विसरणार नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात असं काहीतरी असेल, ज्याचं मोल तुम्हाला कळत नाही. कुणी रंगवलेलं, शिवलेलं, ओवलेलं. संशय येईल. येऊ द्या. पण खलबत्ता काढायच्या आधी एकदा ते गळ्यात घाला. गरम व्हायला जरा वेळ लागतो.